खांद्यावर भोक पाडलेला दिवा

लोक मला तोंडावर विचारत नाहीत, पाठीमागं बोलतात. थालुसानं सख्ख्या बहिणीच्या थडग्यात हात घातला, मयताला दिलेली वस्तू बाहेर काढली, आता तिच्या हातचे हरभरे कोण खाणार. बोला. हात घातला, खरं आहे. ह्याच हातानं घातला. पण का घातला ते कुणी विचारलं नाही, म्हणून मीच सांगते. मला शिकल्यासवरल्यासारखं सांगता येत नाही. पुढचं मागं होईल, मागचं पुढं होईल, तेवढं सांभाळून घ्या.

माझी बहीण फेलिकुला. माझ्या पाठची. आम्ही दोघी एकाच घरात गुलाम म्हणून जन्मलो, इथंच पुटेओलीत, रोमची गलबतं लागतात त्या गावात, बंदराच्या वरच्या अंगाला धान्याचा व्यापारी होता त्याच्याकडं. मरताना त्यानं आम्हाला मोकळं केलं. मी बंदरावर उकडलेले हरभरे विकायला बसले. फेलिकुलाला दिवे करणाऱ्या हर्मेरोसनं मागणी घातली. तोही आमच्यासारखाच, गुलामीतनं सुटलेला. थडग्यांच्या रस्त्याला त्याची भट्टी. हात चांगला होता त्याचा, ते मी नाकारत नाही. अंगठ्याएवढ्या जागेत असा कुत्रा कोरायचा की आता भुंकेल वाटायचं.

फेलिकुला बडबडी. समोरचा एक दात तुटलेला, म्हणून हसताना हाताची पालथी बाजू तोंडावर धरायची. हात कायम मातीचा. हसली की ओठावर मातीची मिशी उमटायची. मग ती मिशी बघून मी हसायची, मी हसले की ती हसायची, की परत हात तोंडाला आणि मिशी आणखी जाड. माझ्या डोळ्यापुढं ती अशीच येते. आजारपणातली येत नाही.

तिचं काम काय होतं ते सांगते, कारण पुढं त्याच्यावरच सगळं आहे. दिवा दोन साच्यांत होतो. खालची वाटी एका साच्यात, वरचं चित्राचं झाकण दुसऱ्यात. दोन्ही ओलं असताना एकावर एक दाबायचं, सांधा ओल्या बोटानं पुसायचा, आणि काडीनं झाकणाला तेल ओतायचं भोक पाडायचं. सांधे आणि भोकं फेलिकुलाकडं. भोक पाडताना चित्र सांभाळावं लागतं. लढणाऱ्याचं डोकं जायला नको, सशाचा कान जायला नको. कुठंतरी मोकळ्या जागेत पाडायचं. ती न बघता पाडायची. माझ्याशी बोलत बसायची आणि काडी आपली बरोबर जागेवर.

आता पलंगाच्या चित्रांचं. ते दिवे आमच्याकडं काय नवीन आहेत का? माझ्या आईच्या आधीपासनं आहेत. बाई, बाप्या, पलंग, उशी, कधी पलंगाखाली चपला. ज्याच्या त्याच्या घरात एक तरी असतोच. सासवा त्याच्या उजेडात लोकर कातत बसतात. आमच्या मालकाच्या तर भिंतीवर रंगवलेलं होतं, झोपायच्या खोलीत, आणि ती भिंत पुसताना मला एवढंच वाटायचं की निळ्या रंगाला ओलं फडकं चालत नाही. हर्मेरोसच्या दारात पितळी घंटा टांगलेली आहे, पंख फुटलेलं लिंग आणि खाली घुंगरं, दुकानाला नजर लागू नये म्हणून. येणारा जाणारा तिला टिचकी मारून आत जातो. त्याची कुणाला लाज नाही, मलाही नाही. हे मुद्दाम सांगते, नाहीतर म्हणाल बाई सोवळी आहे.

मला किळस आली ती दुसऱ्या गोष्टीची.

एकदा लग्नघरची मोठी मागणी होती. भट्टी पुरती निवायच्या आत फेलिकुलानं दिवे काढायला घेतले. वरचं गरम खापर घसरलं आणि तिच्या डाव्या खांद्यावर बसलं. कातडं उठलं. मी धावत गेले तर हर्मेरोस तिच्या खांद्याला हंसाची चरबी लावत होता आणि रडत होता. तो महिनाभर रोज चरबी लावायचा. खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला वाटलं, माझ्या बहिणीनं माणूस चांगला बघितला. डाग राहिला तो शिंपल्यासारखा, कडेला रेघा रेघा. कपड्याखाली झाकला जायचा. तिला, मला आणि त्याला, एवढ्यांनाच माहीत.

त्याच्यानंतरच्या थंडीत हर्मेरोसनं नवा साचा केला. पलंगाचाच. फेलिकुला दिव्यांचे सांधे पुसत बसली होती आणि मी समोर हरभरे निवडत होते. ती बोलता बोलता थांबली. दिवा डोळ्याजवळ नेला. मग नवऱ्याला हाक मारली.

“अहो, ही मी आहे का?”

“कुठं? बाई आहे कुठलीतरी.”

“कुठलीतरी बाई हात असा तोंडावर धरते का? आणि हा खांदा कुणाचा?”

तो जवळ आला, हात पुसत. “अगं, चित्र जिवंत वाटायला काहीतरी खरं घालावं लागतं.”

“मग तुमचं काहीतरी खरं घालायचं की. बाप्याला तर डोकंभर केस दिलेत.”

मी हसले. हर्मेरोसच्या डोक्यावर केस नाही, नावाला नाही. तोही हसला. तीसुद्धा हसली, पण हात तोंडाकडं जाता जाता अर्ध्यात थांबला, आणि तिनं तो खाली ठेवला. मातीत. मी दिवा घेऊन बघितला. उघडी पाठ, शिंपल्याचा डाग रेघेरेघेसकट, मान मागं वळवलेली, हाताची पालथी बाजू तोंडावर. चरबी लावताना त्यानं तो डाग किती नीट बघून ठेवला होता ते तेव्हा कळलं. माझ्या तोंडात पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

“हर्मेरोस, हे मोडा,” मी म्हटलं. तेव्हा त्याला अहोजाहो करायची.

“आक्का, तुम्हाला ह्यातलं कळत नाही. असा साचा माझ्या हातनं परत होणार नाही.”

झालं. दिवा बाजारात गेला आणि असा खपला की काय सांगू. गुत्त्यात तोच, शिंप्याकडं तोच, न्हाव्याकडं तोच. लोकांना आधी माहीत नव्हतं ही कोण. कळलं ते हमामात. सकाळची बायकांची वेळ. फेलिकुला गरम पाण्यात उतरली आणि मासळीवाली डोरिस ओरडली, “अगं बघा बघा, शिंपला! दिव्यावरचा शिंपला!”

सगळ्या बायका जमा. एक म्हणते, “हात धर की ग तोंडावर, बघू दे.” एक म्हणते, “आणि केसवाला कोण तो? नवरा तर तुझा टकला.” डोरिस म्हणते, “घरी जाऊन सांगते आमच्या ह्यांना, मूळ माल बघून आले म्हणून.”

फेलिकुलानं उत्तर दिलं होतं, तिची जीभ काही लुळी नव्हती. म्हणाली, “सांग की. त्यांनी तुझ्याकडं बघणं सोडल्याला किती वर्षं झाली तेही विचारून ये.” पण घरी येऊन ती न पुसता ओल्या केसांनी तशीच माझ्या उंबऱ्यात बसून राहिली. त्याच्यानंतर हमामात गेली नाही. पुटेओलीत राहून हमामात जात नाही असं माणूस मी दुसरं बघितलेलं नाही. बादलीत पाणी घेऊन घरात आंघोळ करायची, मातीच्या हातांची बाई, राखेनं भरलेली. नवऱ्याला वाटायचं लाजते.

आणि माझ्या धंद्यावर खलाशी यायचे. एक जण कंबरेला दिवा बांधूनच आला होता. “आक्का, तुझी बहीण रात्रभर जळते आमच्याकडं. तेल मात्र फार पिते हं.” बाकीचे खिंकाळले. मी उकळत्या पाण्याचा डाव त्याच्या पायावर ओतला. पाय त्याचा भाजला आणि गिऱ्हाईक माझं गेलं. त्याचं मला काही नाही.

मग फेलिकुलानं काय केलं? तिनं भोक पाडायची जागा बदलली. एका दुपारी अख्ख्या फळीवरच्या दिव्यांना तिनं काडी बरोबर त्या बाईच्या खांद्यावर घातली. शिंपल्यावर. डाग जाऊन तिथं तेलाचं भोक. हर्मेरोसला भट्टी काढताना दिसलं. चिडला, पण दिवे फेकले नाहीत हो. तेही विकले! फक्त काडी तिच्या हातनं काढून घेतली आणि भोकांचं काम यूटिकसला दिलं. यूटिकस म्हणजे त्याच्याकडचा जुना कामगार, बोलायला कमी, हाताला बरा.

तिनं नवऱ्याला परत परत विचारलं, साचा कधी मोडणार. तो म्हणायचा, “झिजला की मोडतो.” भाजलेल्या मातीचा साचा. तो कुठं झिजतोय लवकर? ती रोज झाडताना साच्यात बोट फिरवून बघायची. मला सांगायची, “आक्का, अजून रेघ लागते बोटाला.”

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतल्या ओप्टाटुसनं चोरी केली. आमच्याकडं सगळेच करतात ते. दुसऱ्याचा खपणारा दिवा विकत घ्यायचा, त्याच्यावर ओली माती दाबायची, की झाला साचा. त्यातनं आपले दिवे काढायचे. पण माती भाजली की आकसते. म्हणून चोरीचा दिवा मूळच्यापेक्षा लहान, आणि कडा बोथट. त्याची कुणी चोरी केली तर तो आणखी लहान, आणखी बोथट.

हर्मेरोस बाजारातनं तो दिवा घेऊन आला आणि अंगणात नाचायला लागला. “माझं चोरलं! माझी मेहनत, माझी नजर, न विचारता उचललं! असल्या माणसाच्या हाताला किडे पडतील!”

फेलिकुला सांधे पुसत होती. मान वर न करता म्हणाली, “न विचारता उचललं? अरेरे. तुम्हाला कसं वाटत असेल हो.”

त्याला कळलं नाही. खरंच कळलं नाही. यूटिकसला कळलं, तो उठून लाकडं आणायला गेला.

तिनं ओप्टाटुसचा दिवा घेतला आणि उन्हात धरून बघत बसली. मग मला म्हणाली, “आक्का, चोर चांगले ग. प्रत्येक चोर मला थोडी पुसतोय.” तेव्हापासनं तिला तो नादच लागला. कुणाच्याही घरी गेली की दिवा उचलून बघायची, किती पुसली गेली ते.

मला पण लागला. कार्थेजकडनं एक गलबत आलं होतं, त्यातल्या स्वयंपाक्याकडं मला एक दिवा दिसला. अक्रोडाएवढा म्हणा ना, थोडा मोठा. वर नुसता उंचवटा. पलंग नाही, बाप्या नाही, काही नाही. पण तेलाचं भोक होतं ते मध्येच, विचित्र जागी. मी त्याला वाडगाभर हरभरे दिले आणि दिवा घेऊन तशीच फेलिकुलाकडं गेले.

तिनं भोकात करंगळी घातली. “हा माझ्या भोकाच्या दिव्यावरनं काढलाय आक्का! ज्यानं चोरला त्यानं भोक पण जिथल्या तिथं चोरलं. समुद्रापलीकडं जाऊन आले की मी!” आणि हसली. तोंडावर हात न धरता. तुटलेला दात दिसला, टाळू दिसली, सगळं दिसलं. “ह्याच्यात बघ, मी कुठंच नाही.”

तो दिवा तिनं उशाखाली ठेवला. घरात रोज तोच लावायची. नवऱ्याला त्याची भारी किळस. “असलं भिकार काम माझ्या घरात?” म्हणायचा. किळस त्याला कशाची यायची ते बघा.

ह्या शरदात दलदलीकडचा ताप आला तो तिला घेऊन गेला. लवकरच आटोपलं. शुद्धीवर होती तेव्हा मला म्हणाली, “आक्का, माझ्याबरोबर दिवा ठेवतील.”

“गप. काही होत नाही तुला.”

“ठेवतीलच. दिवेवाल्याची बायको मी. कुठला ठेवतात ते तू बघ. त्याचा नको. खाली तरी मला कपडे घालून जाऊ दे.” आणि उशाखालचा बारका दिवा माझ्या हातात दिला. “हा ठेव.”

मी हर्मेरोसला बाहेर नेलं आणि सांगितलं. शब्दाला शब्द सांगितलं. त्यानं मान हलवली. “आक्का, तिच्या मनासारखंच होईल.” यूटिकस तिथंच होता, त्यानंही ऐकलं.

तिला जाळली. दारावर सुतकाची सरूची फांदी लावली. राख निवल्यावर हाडं मी वेचली, अनवाणी, ती द्राक्षाच्या दारूनं धुतली, मडक्यात भरली. खांद्याचं हाड मला ओळखू आलं नाही. हाडावर डाग नसतो. मला त्याचं बरं वाटलं.

थडग्याशी माणसं चिक्कार. सगळी गल्ली, डोरिससुद्धा, आणि ती खरं रडत होती बरं का, बायकांचं असंच असतं. खड्ड्यात मडकं ठेवलं, अत्तराची कुपी ठेवली. दिवा ठेवायचा मान नवऱ्याचा. बारका दिवा मी सकाळीच त्याच्याकडं द्यायला गेले होते, तर म्हणाला, तुमच्याकडंच असू द्या, तिथं घेतो. मी पदरात घेऊन उभी. आणि हा पुढं आला तो हातात पांढऱ्या कापडात काहीतरी गुंडाळून. उलगडलं. नवा करकरीत दिवा. त्या साच्यातला. खास तिच्यासाठी रात्री भाजलेला, वर लाल रंग दिलेला, एकेक रेघ अशी उठलेली की लांबनं दिसावी. पाठ. हात. शिंपला.

पेटवला आणि खाली ठेवला. ठेवताना म्हणाला, “माझ्या हातनं झालेलं सगळ्यात चांगलं काम आहे हे. तुला दुसरं काय देऊ?”

लोक गहिवरले. गहिवरले हो! मागं कुणीतरी बाप्या हळूच म्हणाला, “खालच्या लोकांची आता चैन आहे,” आणि दुसरा खुसखुसला. मयताला. राखेसमोर.

मी म्हटलं, “हर्मेरोस, तिनं काय सांगितलं होतं?”

“तापात होती, आक्का.”

“आणि तू? तुला कसला ताप होता? मान हलवली होतीस ना?”

तू म्हटलं मी त्याला, सगळ्यांच्या देखत, आयुष्यात पहिल्यांदा. त्याला वाटत होतं मी दुःखानं बोलतेय.

मयताची कामं करणाऱ्या माणसानं फावडं उचललं. मग काय करणार होते मी? माती पडली की संपलं. ती त्या चित्राबरोबर जमिनीखाली, कायमची, आणि ते चित्र भाजलेल्या मातीचं, न कुजणारं. मी गुडघ्यावर बसले आणि हात घातला. मडक्याला हात लागला, गार होतं. जळता दिवा उचलला. तेल मनगटावर सांडलं, भाजलं.

“बाई! खाली दिलेलं वर काढत नाहीत!” फावडेवाला ओरडला. सगळे मागं सरकले. मला माहीत नव्हतं का? खाली ठेवलं ते खालच्यांचं, मेलेल्यांचं झालं. त्याला जो हात लावेल तो बाटला, आणि त्या वस्तूला जे लागेल ते पण बाटलं. लहानपणापासनं ऐकलंय. त्याच दिव्याच्या वातीवर मी बारका दिवा पेटवला, खड्ड्यात ठेवला, मडक्याला टेकून, आणि मोठा फुंकून विझवला. मग फावडेवाल्याला म्हटलं, “आता लोट.”

तो लोटेना. मीच दोन्ही हातांनी माती लोटली.

परत येताना मला जाळावरनं उडी मारायला लावली, पाणी शिंपडलं, परत उडी मारायला लावली. काही उपयोग नाही, लोकांच्या मनातनं जात नाही. तिघी चौघी दुसऱ्या दिवशी माझ्या धंद्यावरनं नाक धरून गेल्या. आणि तो दिवा माझ्या घरात. विकायचा नाही, लावायचा नाही, फोडायचा नाही, परत ठेवायचा नाही. खालच्यांची वस्तू. मी त्याला ओट्यावर पालथा घालून ठेवला आणि चित्र भिंतीकडं केलं.

मग डोरिसच धावत आली, पण बाहेरनंच बोलली. “आक्का, तुझ्या मेहुण्याकडं जाऊन बघ. रांग लागलीय. थडग्यातनं परत आलेली म्हणून ओरडतायत आणि दिवे मागतायत.” तिचं तोंड वाकडं झालं होतं. डोरिसचं! “मला शिसारी आली ग,” म्हणाली.

मी दिवा कापडात घेतला आणि गेले. दारावर सरूची फांदी तशीच, आणि खाली पोरंसोरं, खलाशी, गुत्त्याचा मालक. घुंगराच्या घंटेला टिचक्या मारत हसत होते. मला बघून बाजूला झाले. आत हर्मेरोस डोळे सुजलेले, दाढी वाढलेली, आणि हात चाललेला. मातीचा गोळा साच्यात दाबत होता. बाजूला ओल्या दिव्यांची फळी भरलेली. यूटिकस भोकं पाडत होता.

“आक्का, माणसं मागतायत, मी काय करू,” म्हणाला. “एका अर्थी ती राहिलीच की आपल्यात.”

हे ऐकल्यावर मी पुढं गेले. पुढ्यात त्याचा साचा, नुकताच रिकामा केलेला, आत ओलसर. मी कापड सोडलं, थडग्यातला दिवा काढला आणि साच्यात बसवला. चित्र चित्रावर. भाजून आकसलेला होता ना, म्हणून घट्ट बसला नाही. खुळखुळला.

यूटिकसनं काडी टाकली. उठला, बादलीत हात बुडवले, चोळचोळून धुतले. “मालक, मी आता त्याला शिवणार नाही.”

“अरे, साचा आहे तो! कामाची वस्तू!”

“होता. आता खालच्यांचा आहे. ज्यात त्यांचा दिवा, ते त्यांचं.” आणि हळू म्हणाला, “मालक, वहिनींनी सांगितलेलं मीही ऐकलं होतं.”

दारातली माणसं केव्हा पांगली कळलंच नाही. मघाशी खिंकाळणारा गुत्त्याचा मालक तर अंगठा बोटात धरून, नजर काढल्यासारखा, उलटा चालत गेला.

हर्मेरोसनं साच्याकडं हात नेला. नेला आणि थांबवला. परत नेला. दारात लिंगाची घंटा बांधणारा माणूस तो, नजरेला भिणारा, भुताला भिणारा. बायकोला कधी भ्याला नाही, आता भ्याला. मी उभीच. म्हटलं, “लाव हात. तुझंच काम आहे ना सगळ्यात चांगलं?”

त्यानं भट्टीचा लांब चिमटा घेतला. चिमट्यानं साचा उचलला, आतल्या दिव्यासकट, आणि थडग्यांच्या रस्त्यानं निघाला, हात लांब धरून, मेलेला उंदीर टाकायला निघावं तसा. मी मागनं. रस्त्याच्या कडेला खड्डा मीच केला, तिच्यापासनं लांब, थडग्यांच्या भिंतीच्या पलीकडच्या अंगाला. साचा आत पडला तेव्हा त्याला चीर गेली. आणि तो बसला खाली आणि रडायला लागला. हंबरडा फोडून. चितेपाशी रडला नव्हता एवढा. “परत होणार नाही हो माझ्या हातनं,” म्हणत होता. मी थुंकले आणि घरी आले.

त्याचे दिवे अजून गावात आहेत, घराघरात. ते मी कुठं कुठं गोळा करू. आणि ओप्टाटुसचे, ओप्टाटुसच्या चोरांचे. माझे हरभरे डोरिस घेते आता, पण मी दगडावर वाडगा ठेवते, ती दगडावरनं उचलते. हाताला हात लावत नाही.

परवा बाजारात एक नवी सून भांड्यांच्या टोपलीतला बारका दिवा उलटसुलट करून बघत होती. विकणाऱ्याला विचारलं, “ह्याच्यावर काय आहे हो?” त्यानं घेतला, डोळ्याजवळ नेला, अंगठ्यानं पुसला. “कुत्रं असेल,” म्हणाला.

तिनं माझ्याकडं बघितलं. “आक्का, कुत्रं आहे का?”

मी दिवा हातात न घेता लांबनंच बघितलं. तेलाचं भोक मध्येच होतं, विचित्र जागी.

“हो,” म्हटलं, “कुत्रंच आहे. घे.”